दोन काळ्या रेघा

एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी बारा ते चार दुकानात कुणी फिरकत नाही. बाळीवेशीतला रस्ता ओस पडतो. मी शटर अर्धं खाली ओढून टेबलफॅनसमोर बसतो आणि सकाळी उघडून ठेवलेली कामं संपवतो. १३ एप्रिल मात्र त्याला अपवाद. त्या रात्री बारा वाजता जयंती सुरू होते, त्यामुळे वर्षभर माळ्यावर पडून असलेले ॲम्प्लिफायर आणि माईक त्या दोन दिवसांत टेबलावर येतात. त्या दिवशीही तीन ॲम्प रांगेत होते, चौथ्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

दीडच्या सुमाराला अर्ध्या शटरखालून वाकून एक पोरगा आत आला. पाठीवर गिटारची बॅग, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"मालक, बेस बघता का? रात्री आठला बुधवार पेठेत प्रोग्राम आहे."

"काय होतंय?"

"आवाज फाटलालाय. मधीच ढम्म करून बंद पडतंय. दोन ठिकाणी दाखवलं. एक जण म्हणला आतली सर्किट गेलीय, नवीनच टाकावी लागंल."

"किती लागतील म्हणाला?"

त्यानं आकडा सांगितला. बेस त्यानं पुण्याहून सेकंडहँड आणला होता आणि सर्किटचा आकडा बेसच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. सांगताना त्याची नजर माझ्या टेबलावरच्या मीटरवरून हलत नव्हती.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते. माग बंद पडला की पाना हातात घेण्याआधी ते विणकराजवळ जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "बंद पडायच्या आधी काय करत होता?" मागाला नव्हे, माणसाला विचारायचे. ती सवय माझ्यात उतरली आहे. मी पोराला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यानं सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी वायर पायात अडकली आणि सॉकेट आत ढकलला गेला. एका दुकानात नवीन सॉकेट बसवून घेतला. आवाज लगेच आला. नंतर आठवड्याभरात फाटायला लागला. बॅटरी बदलली की ठीक, पुन्हा पाच-सहा दिवसांनी तेच. शिवाय वायर हलली की खरखर, आणि कधी कधी हम.

"हम कसा? सांग बरं."

"आमचं एक गाणं आहे जी स्केलमध्ये. त्यात लांब सूर धरला की आवाज डुलल्यासारखा होतो. लाटा येतात बघा."

हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. या पोराला कान होता. हम म्हणजे आवाजात शिरलेली विजेची घरघर, आणि आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. बेसच्या सगळ्यांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी वाजतो तो ४९ हर्ट्झचा. एकाच वेळी ४९ आणि ५० वाजले की दोन्ही सूर सेकंदाला एकदा एकमेकांत मिसळतात आणि एकदा एकमेकांना मारतात. त्यामुळे आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. दुसऱ्या कुठल्या पट्टीतल्या गाण्यात तोच हम वेगळा घुमत राहतो. पोराला लाट ऐकू आली, याचा अर्थ ग्राउंड, म्हणजे हम अडवणारी परतीची वायर, कुठेतरी सुटत होता.

बेस दुकानातल्या ॲम्पला लावला. आधी माझी चांगली वायर लावून पाहिली, कारण अशा दहा कामांत चार वेळा दोष वायरीतच निघतो. खरखर तशीच. पिन धरून हलकेच फिरवली तर पिनेबरोबर सॉकेटही गरकन फिरला. नट ढिला. इथपर्यंत सरळ काम होतं. मग ई तार हळू छेडली, आवाज स्वच्छ. जोरात छेडली, फाटला. पुन्हा हळू, पुन्हा स्वच्छ.

पिकअप किंवा सर्किट गेली की असं सहसा होत नाही. हळू वाजवताना नीट आणि जोर लावला की फाटणं, हे बॅटरी उतरल्याचं लक्षण. आतल्या प्रीॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या छोट्या सर्किटला, नऊ व्होल्ट लागतात. व्होल्टेज खाली आलं की मोठी लाट वरून आणि खालून कापली जाते आणि बेसच्या जाड तारेची लाटच सगळ्यांत मोठी असते. बॅटरी मोजली, ६.१ व्होल्ट. नवीन घातली, आवाज काचेसारखा.

पोरगा म्हणाला, "हेच की मालक. आता सहा दिवस चालतंय, मग परत."

बॅटरी कधी घातली होती ते विचारलं. गेल्या रविवारी. रोज किती वाजवतोस? आठवड्यात तीन रिहर्सल, प्रत्येकी तीन तास. म्हणजे नऊ तासांत एक बॅटरी संपली? प्रीॲम्प एवढा खादाड नसतो. मी बॅटरीच्या लाल वायरीत मीटर घातला, २.८ मिलिअँपिअर. ठीक आहे. मग बेसमधून वायर काढली आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं.

२.८.

वायर बाहेर असताना तिथे शून्य यायला पाहिजे. पोराला मी तो आकडा दाखवला आणि कागदावर हिशोब मांडला. २.८ गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ६७ मिलिअँपिअर-तास. साध्या स्वस्त बॅटरीत सगळे मिळून चारशेच्या आसपास. सहा दिवस. त्याच्या 'सहा दिवस'ला कागदावर उत्तर मिळालं. बेस बॅगेत झोपलेला असतानाही रात्रंदिवस चालूच होता.

कडेच्या पत्रीचे स्क्रू काढून सॉकेट बाहेर ओढला आणि सगळं समोर आलं. सॉकेट दोन पायांचा, मोनो. एका पायाला सिग्नलची वायर. दुसऱ्या पायाला ग्राउंड आणि त्याच सोल्डरच्या डागात बॅटरीची काळी वायर. नट ढिला होऊन सॉकेट इतक्या वेळा फिरला होता की ग्राउंडच्या वायरीला पीळ बसून ती पायाजवळ तुटत आली होती. तांब्याचे दोन केस तेवढे धरून होते. त्यांच्याभोवती घामाच्या मिठानं हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. वायर हलली की ते दोन केस सुटायचे, ग्राउंड जायचा, बॅटरीही तुटायची, आणि स्पीकरमधून ढम्म यायचं.

ज्यानं हा सॉकेट बसवला त्याच्यावर माझा राग नाही. हातात दोन पायांचा सॉकेट, समोर तीन वायरी. दोन ग्राउंडच्या वाटल्या म्हणून एकत्र जोडल्या. आवाज आला, गिऱ्हाईक गेलं. पण त्या जागी तीन पायांचा, स्टिरिओ सॉकेट होता आणि तो स्टिरिओ आवाजासाठी नव्हताच. १९५१ साली लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस आला, त्यात बॅटरी नव्हती. तिथे दोन पाय पुरायचे. पुढे बेसमध्ये बॅटरीवरचे प्रीॲम्प आले तेव्हा ते चालू-बंद करायला वेगळं बटण न देता बनवणाऱ्यांनी सॉकेटलाच बटण केलं. बॅटरीची काळी वायर मधल्या पायाला. साधी मोनो पिन आत गेली की तिचा लांब धातूचा दांडा मधल्या पायाला आणि ग्राउंडच्या पायाला एकदम टेकतो, आणि सर्किट चालू. पिन काढली, बंद. इतकं सुबक काम आहे हे. मी आजवर कितीतरी सॉकेट बदलले, पण पोराला ते समजावताना ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याच्याबद्दल दरवेळेसारखंच कौतुक वाटलं.

आता स्टिरिओ सॉकेट कुठून आणायचा? बाजारातल्या पी-३८ या नावानं नव्या पेठेत मागितला तर प्लास्टिकचा मोनो हातात ठेवतात आणि त्या दिवशी निम्मी दुकानं बंद. माझ्याकडे बिस्किटाचा एक डबा आहे, त्यात गेल्या वीस वर्षांतल्या मेलेल्या यंत्रांचे अवयव आहेत. तो टेबलावर ओतला. तळाशी एका जुन्या कॅसेट डेकचा हेडफोनचा सॉकेट सापडला. उघडा, पत्र्याचा, तीन पायांचा, अजून कडक स्प्रिंगचा. स्पिरिटनं पुसला. मीटर लावून कुठला पाय कशाचा ते पाहिलं, कारण अशा सॉकेटमध्ये डोळ्यांवर विसंबलं की हमखास चूक होते.

वायरी मुद्दाम थोड्या लांब ठेवल्या. सॉकेट आणि पत्रीमध्ये दातेरी वॉशर घातला. नट आवळताना सॉकेट आतून पकडीनं धरून ठेवला. बाहेरून नुसता नट आवळला तर आतला सॉकेटही फिरतो आणि पहिल्याच दिवशी वायरीला पीळ पडतो. वायर बाहेर असताना मीटर, ०.००. वायर आत, २.८. पोरानं ते दोन आकडे माझ्याकडून तीनदा करून घेतले. मग जी धरला, लांब. लाट नाही. सूर सरळ निघाला आणि पंख्याच्या आवाजात विरला.

साडेतीन वाजता तो गेला. सर्किटचा खर्च वाचला म्हणून जाताना पाया पडायला लागला, मी खांदा धरून उठवलं.

रात्री आठला वीस मिनिटं कमी असताना फोन आला.

"मालक, काहीच वाजंना झालंय. खरखर नाही, हम नाही, काहीच नाही."

मी मीटर आणि सोल्डरिंगची गन पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. बुधवार पेठेत शिरता येत नव्हतं. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, गल्लीत माणसांचा पूर. स्कूटर एका पानपट्टीपाशी लावून चालत गेलो. चालताना डोक्यात एकच गोष्ट. कॅसेट डेकचा जुना सॉकेट मी बसवला, माझ्या शब्दावर पोरगा निघून गेला. स्प्रिंग बसली असेल का? डाग थंड राहिला असेल का?

स्टेजवर ढोलकी लागत होती, ऑक्टोपॅडवाला थापा मारून बघत होता. पोरगा बेस गळ्यात घालून उभा होता, तोंड उतरलेलं. साउंडवाला माझ्यावर भडकलेला.

"काल रिहर्सलला ह्याच वायरीवर मस्त वाजत होतं की. आज तुम्ही हात लावला आणि गेलं."

त्याचं वाक्य मी ऐकलं आणि तिथेच थांबलो. काल ह्याच वायरीवर. मी बेसमधून पिन बाहेर ओढली आणि दिव्याखाली धरली. चकचकीत दांडा, आणि टोकाच्या खाली त्यावर दोन काळ्या रेघा.

साध्या गिटारच्या पिनेवर एकच काळी रेघ असते. दोन रेघा म्हणजे पिनेचे तीन भाग, म्हणजे स्टिरिओ वायर, मिक्सर आणि ॲम्पच्या मध्ये लावायची. त्या पिनेचा मधला भाग बॅटरीच्या पायाला टेकतो आणि खालचा ग्राउंडला. दोघांच्या मध्ये ती दुसरी काळी रेघ, प्लास्टिकची. बॅटरीचं वर्तुळ पूर्ण होतच नाही. बेस बंद. कालपर्यंत बॅटरी कायमची जोडलेली होती, म्हणून कुठलीही वायर चालत होती. आज सॉकेट त्याचं खरं काम करायला लागला होता आणि म्हणून ही वायर चालत नव्हती.

"तुझी वायर कुठंय?" मी पोराला विचारलं.

"बॅगेत. आखूड पडते म्हणून साउंडवाल्यांची घेतली."

"काढ. आणि बेसचा चॅनल बंद करायला सांग आधी, पिन घालताना धक्का बसतो."

आखूड वायर स्टेजवरच्या डीआय बॉक्सपर्यंत, म्हणजे बेसचा आवाज मिक्सरकडे पाठवणाऱ्या डबीपर्यंत, कशीबशी पोचली. पोराला दोन पावलं डावीकडे सरकावं लागलं, ढोलकीवाल्याच्या अगदी शेजारी. चॅनल उघडला. त्यानं ई तार छेडली आणि माझ्या चपलेखालची फळी थरथरली.

साउंडवाल्याला मी दोन्ही पिना शेजारी धरून दाखवल्या. एक रेघ, दोन रेघा. तो बघत राहिला आणि मग त्यानं आपल्या पेटीतल्या सगळ्या वायरी काढून दोन ढीग करायला सुरुवात केली, कार्यक्रम पाच मिनिटांवर आलेला असताना. त्या माणसाबद्दल माझ्या मनात त्या क्षणापासून आदर आहे.

मी जायला निघालो होतो, पण तिसऱ्या गाण्याला थांबलो. ते जी स्केलमधलं होतं. कडव्याच्या शेवटी ढोलकी थांबली, गायकानं श्वास घेतला आणि तेवढ्या जागेत बेसचा एकच लांब सूर उरला. तो सरळ होता. पोरानं गर्दीत मला शोधून पाहिलं. मी हात वर केला.

बारा वाजता फटाके सुरू झाले तेव्हा मी घरी होतो, गच्चीवर.

जूनमध्ये पाऊस लांबला होता तेव्हा पोरगा पुन्हा आला, एका मित्राचा कीबोर्ड घेऊन. बेस पाठीवर होताच. मी न सांगता त्यानं बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी माझ्यापुढे ठेवली. तिच्या पांढऱ्या पट्टीवर त्यानं पेनानं लिहिलं होतं, १३/४. मीटर लावला, ८.२ व्होल्ट.