आमची वाटचाल : शिकागोतील एक छापखाना आणि सुरेथची अक्षरे

आमचा छापखाना शिकागो शहराच्या उत्तर भागात, डेव्हन ॲव्हेन्यूपासून जवळच आहे. १९९१ साली आम्ही पतिपत्नींनी तो सुरू केला, तेव्हा मराठी, गुजराती आणि हिंदी लग्नपत्रिका, किराणा दुकानांची हस्तपत्रके आणि उपाहारगृहांची मेनूकार्डे एवढेच काम आमच्या डोळ्यांसमोर होते. आज आमच्याकडील निम्म्याहून अधिक काम असिरियन समाजाचे असते. या समाजाच्या तीन पिढ्या आमच्या टेबलासमोर बसून मजकूर देऊन गेल्या, आणि त्यांच्या कागदांवरील भाषा पिढीगणिक कशी बदलत गेली हे आम्हाला फार जवळून पाहायला मिळाले. म्हणून या लेखात आमच्या यंत्रांपेक्षा त्यांच्या कागदांविषयी अधिक लिहिणार आहे.

मराठी वाचकाला असिरिया म्हटले की शालेय इतिहासातील निनेवे आठवते आणि ते प्रकरण तेथेच संपते. हा समाज मात्र आजही आहे. उत्तर इराक, ईशान्य सीरिया, आग्नेय तुर्कस्तान आणि इराणमधील उर्मियाचा परिसर ही त्यांची मूळ भूमी. धर्म ख्रिस्ती, आणि घरातील भाषा सुरेथ, म्हणजे अरामी कुळातील आजची बोली. १९१५ च्या संहारात, ज्याला ते सैफो म्हणतात, हक्कारीच्या डोंगरांतील आणि उर्मियाच्या मैदानातील गावे उजाड झाली आणि वाचलेल्यांपैकी हजारो लोक बगदादजवळच्या बकूबा येथील निर्वासित छावणीत पोहोचले. ऑगस्ट १९३३ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या इराकमध्ये सिमेले आणि आसपासच्या गावांत पुन्हा कत्तल झाली, आणि त्याच वर्षी त्यांचे धर्मप्रमुख मार शिमून एशाय यांना देशाबाहेर घालवण्यात आले. पुढे त्यांनी अनेक वर्षे शिकागोत काढली. शिकागोत उर्मियाकडची माणसे पहिल्या महायुद्धाआधीपासूनच येत होती आणि येथील असिरियन अमेरिकन असोसिएशन १९१७ ची आहे. त्यानंतर १९७९ ची इराणमधील क्रांती, इराण–इराक युद्ध, १९९१ चे आखाती युद्ध आणि २००३ नंतरचा इराक, अशा प्रत्येक उलथापालथीनंतर नवी कुटुंबे येत राहिली. त्यामुळे येथे ‘पहिली पिढी’ एकाच काळात आलेली नाही. एका घरातील आजोबा शिकागोत जन्मलेले, तर शेजारच्या घरातील तरुण परवाच आलेला, असे सर्रास दिसते.

आमच्याकडे आलेले पहिले असिरियन गृहस्थ चर्चमधील शमाशा, म्हणजे प्रार्थनाविधीत पुरोहिताला साथ देणारे सेवक होते. चाळिसाव्या दिवसाच्या स्मृतिप्रार्थनेसाठी त्यांना एक छोटे कार्ड हवे होते आणि मजकूर त्यांनी काळ्या शाईने स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. सुरेथचा फाँट आमच्याकडे नव्हता. तेव्हा त्या हस्ताक्षराचीच निगेटिव्ह काढून आम्ही प्लेट केली. काम त्यांना आवडले आणि पुढील काही वर्षे आम्ही याच पद्धतीने त्यांचे हस्ताक्षर छापत राहिलो. माझे वडील सांगलीच्या एका छापखान्यात जुळारी होते, त्यामुळे खिळ्यांची केस, उलटी अक्षरे आणि प्रूफ वाचण्याची शिस्त यांत मी वाढलो. तरीही, जी लिपी स्वतःला वाचता येत नाही तिचे काम कसे करावे, हे मी या शमाशांकडून शिकलो.

ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची अक्षरे बावीस. बहुतेक अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जातात. अलप, दलत, रिश, वाव अशी काही पुढे जुळत नाहीत. दलत आणि रिश यांचा आकार जवळजवळ एकच आहे, खाली टिंब असले तर दलत आणि वर असले तर रिश. अनेकवचन दाखवण्यासाठी शब्दावर दोन टिंबे देतात, त्यांना स्यामे म्हणतात. ती रिशवर आली तर रिशचे स्वतःचे टिंब त्यांतच सामावते. स्वरही टिंबांनीच दाखवतात : अक्षरावर दोन टिंबे म्हणजे झ्कापा, एक वर आणि एक खाली म्हणजे प्ताहा, दोन्ही खाली म्हणजे झ्लामा. सारांश असा की या मजकुरात कागदावरचा धुळीचा ठिपकादेखील एखाद्या अक्षराची ओळख बदलू शकतो. आमच्या प्लेटा आम्ही भिंगाखाली तपासतो, त्याचे कारण हेच. एका ओळीच्या शुद्धतेसाठी शमाशा अर्धा तास उभे राहत, आणि मृताचे नाव असलेल्या कार्डाबाबत ती चिकाटी मला नेहमीच योग्य वाटली.

१९९० च्या दशकात संगणकावर सुरेथचे फाँट मिळू लागले, पण त्यांची स्थिती आपल्याकडच्या त्या काळातील मराठी फाँटांसारखीच होती. प्रत्येक फाँटची अंतर्गत मांडणी वेगळी, त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मराठी छापखाने ज्यांनी चालवले आहेत त्यांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. पॉल नेल्सन, जॉर्ज किराझ आणि सार्गोन हस्सो यांनी मांडलेल्या प्रस्तावानंतर १९९९ मध्ये युनिकोड या संगणकांच्या सामायिक अक्षरसंकेताच्या ३.० या आवृत्तीत सिरियाक लिपीला, म्हणजे सुरेथ जिच्यात लिहितात त्या लिपीला, स्थान मिळाले, आणि नंतर मेल्थो हा फाँटसंच सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध झाला. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हे वळण सर्वांत मोठे होते. तोवर शिकागोतील कुटुंब सिडनीतील काकांकडून हस्तलिखित मजकूर टपालाने मागवत असे. आता स्वीडनमधील सॉदर्तेल्ये येथून आलेला मजकूर आमच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटू लागला. विखुरलेल्या समाजाला याचा किती आधार वाटला, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे.

आम्ही भारतीय आहोत हे कळल्यावर वयस्क ग्राहक एक प्रश्न हमखास विचारत : तुम्ही त्रिचूरचे का? सुरुवातीला या प्रश्नाचे आम्हाला नवल वाटे. उलगडा झाला तो त्यांच्या चर्चमधील ग्रंथ पाहिल्यावर. केरळमधील त्रिशूर, म्हणजेच त्रिचूर, येथे त्यांच्याच पंथाची, म्हणजे पूर्वेकडील चर्चची, शाखा आहे, तिचे स्वतःचे मार नरसाई प्रेस आहे, आणि वर्षभराच्या प्रार्थनांचा ‘हुद्रा’ हा प्रचंड ग्रंथ तेथेच १९६० ते १९६२ या काळात तीन खंडांत छापला गेला. तो सिद्ध करणारे मार तोमा दर्मो तेव्हा भारतातील महाधर्माध्यक्ष होते. हाताने उतरवलेल्या जुन्या पोथ्या युद्धांत आणि पळापळीत नष्ट होत असताना, बगदादपासून शिकागोपर्यंतच्या उपासनेसाठी लागणारा छापील ग्रंथ भारतातील एका छापखान्याने पुरवला, ही गोष्ट मला एक मुद्रक म्हणून अत्यंत अभिमानाची वाटते. त्याच्याही आधी, १८४० मध्ये अमेरिकन मिशनने उर्मियाला मुद्रणयंत्र नेले होते आणि १८४९ पासून तेथे ‘झहरीरे द-बहरा’ हे बोलभाषेतील नियतकालिक निघत असे. ते १९१८ पर्यंत चालले. शिकागोतील जुन्या उर्मी कुटुंबांत वाचनाची सवय खोल रुजलेली आहे, तिचे मूळ मला तेथे दिसते.

पिढ्यांतील बदल सर्वाधिक स्पष्ट दिसतो तो लग्नपत्रिकांत. नव्याने आलेल्या आईवडिलांची पत्रिका संपूर्ण सुरेथमध्ये असे, क्वचित सोबत अरबी. मुले येथे शिकली की पत्रिका दुभाषी होई : उजव्या पानावर सुरेथ, डाव्या पानावर इंग्रजी, आणि दोन्ही मजकूर बरोबरीचे. पुढच्या पिढीत इंग्रजी आतल्या पानावर सर्वत्र पसरली आणि सुरेथची एकच ओळ वर राहिली, बहुधा बुराखाच्या, म्हणजे चर्चमधील विवाहविधीच्या आशीर्वचनातील. काही वर्षे तर वधूवरांना ती ओळही वाचता येत नसे आणि ती सरळ आहे की उलटी, हे ते आम्हाला विचारत. अशा वेळी आजीला एकदा दाखवून घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो, आणि आजी आल्या की मजकुरात हमखास भर पडते. गेल्या दहाएक वर्षांत मात्र एक उलटी हालचाल दिसते. येथेच जन्मलेले तरुण स्वतः लिपी शिकून येतात, दोघांची नावे सुरेथमध्ये मोठ्या एस्त्रांगेला, म्हणजे या लिपीच्या प्राचीन वळणाच्या, अक्षरांत हवीत असे सांगतात आणि खाली उच्चार रोमन लिपीत मागतात. काही जुन्या लोकांना हा रोमन उच्चार खटकतो. मला तो पायरीसारखा वाटतो. ज्याला ओळ वाचता येत नाही तो निदान ती म्हणू तरी शकतो.

नावांचेही असेच आहे. आजोबांच्या पिढीतील स्मृतिकार्डांवर ओदिशो, खोशाबा, योनान, गेवर्गीस अशी चर्चमधील नावे अधिक येतात. बाप्तिस्म्याच्या कार्डांवर मात्र अशूर, सार्गोन, निनोस, शमीराम, निनेवे यांची रेलचेल असते. परदेशातील शाळेत रोज हजेरीला आपल्या मुलाचे नाव घेताना इतिहासाचा उच्चार व्हावा, ही इच्छा त्यामागे असल्याचे अनेक आईवडिलांनी आम्हाला सांगितले आहे.

आमचे वर्षातील सर्वांत कठीण काम भिंतीवरील दिनदर्शिका हे आहे. १ एप्रिलला खा ब-निसान, म्हणजे नववर्ष. आधुनिक काळात रूढ झालेल्या गणनेप्रमाणे इसवी सनात ४७५० मिळवून वर्षाचा आकडा येतो, म्हणून २०२५ सालच्या पानावर ६७७५ छापले जाते. ७ ऑगस्ट हा सिमेलेच्या स्मरणाचा हुतात्मा दिन. ईस्टरपूर्वीच्या महाउपवासाच्या तीन आठवडे आधी निनेवेवासीयांचा तीन दिवसांचा उपवास, बाउथा. खरी अडचण ईस्टरची. १९६४ मध्ये चर्चने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली आणि मतभेद वाढून १९६८ मध्ये प्राचीन शाखा वेगळी झाली. तिचे प्रमुख झाले तेच मार तोमा दर्मो, ज्यांनी त्रिशूरला हुद्रा छापला. त्या शाखेने २०१० मध्ये नाताळ २५ डिसेंबरला साजरा करण्यास सुरुवात केली, तरी तिचा ईस्टर जुन्या गणनेनेच राहिला. एकाच कुटुंबातील दोन भाऊ दोन शाखांचे असू शकतात, म्हणून आमच्या दिनदर्शिकेत दोन्ही ईस्टर समान आकाराच्या अक्षरांत असतात. त्याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

समाजाच्या नावाविषयीही अशीच काळजी घ्यावी लागते. कोणी स्वतःला असिरियन म्हणतात, कोणी खाल्डियन, कोणी सिरियाक. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत ही तिन्ही नावे एकत्र नोंदवली गेली. फलकावर कोणते नाव जाईल हे ग्राहकाने सांगायचे आणि आम्ही ते अचूक छापायचे, एवढेच आमचे काम. खा ब-निसानच्या मिरवणुकीच्या आधीचे दिवस आमच्यासाठी दिवाळीआधीच्या धावपळीचे असतात. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या एका भागाला शहराने ‘किंग सार्गोन बुलेव्हार्ड’ हे मानद नाव दिले आहे, आणि तेथे १९६८ मध्ये ठरलेला ध्वज सर्वत्र दिसतो : मधल्या ताऱ्यापासून निघणारे युफ्रेटिसचे निळे, महाझाब नदीचे पांढरे आणि टायग्रिसचे लाल प्रवाह. पंखधारी मानवमुखी बैल, लमासू, तर दुकानाच्या पाटीपासून नाममुद्रेपर्यंत प्रत्येकाला हवा असतो. त्याचे रेखाटन आम्ही शिकागो विद्यापीठाच्या संग्रहालयातील खोर्साबादच्या सुमारे ४० टनी शिल्पावरून केले. त्याला पाच पाय आहेत, आणि आमच्या रेखाटनातही पाचच आहेत.

२०१४ आणि २०१५ ही वर्षे विसरता येण्यासारखी नाहीत. ऑगस्ट २०१४ च्या पहिल्या आठवड्यात ‘इस्लामिक स्टेट’च्या चढाईमुळे उत्तर इराकमधील निनेवे मैदानातील गावे रिकामी झाली, तेव्हा हुतात्मा दिनाचे फलक आमच्या यंत्रावर होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सीरियातील खाबूर नदीकाठच्या गावांतून दोनशेहून अधिक लोकांना पळवून नेले गेले. त्या गावांत १९३३ नंतर इराकमधून आलेल्यांचीच नातवंडे-पतवंडे राहत होती. मदतनिधीची पत्रके आम्ही केवळ कागदाच्या खर्चात छापली. त्या काळात ज्या तरुणांनी तोवर फक्त इंग्रजी कार्डे मागवली होती, तेच फलकावर गावांची नावे सुरेथमध्येच हवीत असा हट्ट धरू लागले. वर सांगितलेली उलटी हालचाल मला तेव्हापासून जाणवू लागली.

आता मांडणीचे काम आमची मुलगी पाहते. ती मराठी बोलते, वाचते आणि सुरेथची अक्षरेही ओळखते, कारण शनिवारी ती आमच्याच ग्राहकांच्या मुलांसोबत भाषावर्गात बसत असे. ऑनलाइन आमंत्रणांमुळे पत्रिकांची मागणी घटली आहे, हे खरे आहे. त्या जागी मुलांची वाचनपुस्तके आणि चर्चमधील तीन स्तंभांची प्रार्थनापुस्तके, म्हणजे सुरेथ, रोमन उच्चार आणि इंग्रजी अर्थ, हे काम वाढले आहे. पहिले शमाशा आता नाहीत. त्यांचे नातू आमचे मुद्रितशोधन करतात, आणि त्यांची सही झाल्याशिवाय सुरेथचा कोणताही मजकूर यंत्रावर चढवायचा नाही, हा नियम आजही कायम आहे. सध्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अक्षरपुस्तिकेची नवी आवृत्ती हाती आहे. तिच्यात दलत आणि रिश समोरासमोरच्या पानांवर ठेवले आहेत आणि टिंबे लाल शाईत छापण्याचे ठरले आहे.