निलगिरीचे बुडखे काढताना

१९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट आली, तेव्हा आमच्या पुरंदरच्या माळावर आजोबांनी सहा एकर निलगिरी लावली. दर काही वर्षांनी व्यापाऱ्याला द्यायची, बुडख्यातून फुटवे यायचे, ते वाढवून पुन्हा द्यायचे. झाडं बारीक दिसायची, पण जमिनीतला बुडखा दर तोडीला जाड आणि गाठाळ होत गेला. आता तिथे सीताफळ लावायचं ठरलं.

कागदाचं काम फारसं नव्हतं. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत, आंबा, चिंच, जांभूळ, साग आहेत, निलगिरी नाही. तरी तलाठी आणि वनपाल, दोघांना विचारून घेतलं. बांधावरच्या चिंचा तशाच ठेवल्या.

खरा प्रश्न सुरू होतो तो तोडीच्या सौद्यात. व्यापारी लाकूड वजनावर नेतो, त्यामुळे तो जमिनीलगत कापतो. मागे राहतो बशीएवढा सपाट बुडखा, जेसीबीच्या बकेटला धरायला काहीच नाही. आमच्या अर्ध्या माळावर आधीच्या तोडीचे असेच बुडखे होते. ऑपरेटर म्हणाला, "दादा, उरलेली झाडं कापूच देऊ नका. उभीच ढकलू." मग त्याने मागच्या बकेटने एका बाजूची मुळं मोकळी केली आणि पुढच्या बकेटने उंचावर रेटा दिला. झाड स्वतःच्या वजनाने बुडख्यासकट उपसून आलं. त्यानंतर व्यापाऱ्याने आडव्या झाडाचं लाकूड कापून नेलं. तो कुरकुरला, मुळांची माती करवतीला लागते म्हणून. भावात थोडं सोडावं लागलं, पण जेसीबीचे जे तास वाचले त्यापुढे ते काहीच नव्हतं. सपाट बुडख्यांना मात्र चहूबाजूंनी चर काढावा लागला.

वेळही महत्त्वाची. भर उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा, भर पावसात मशीन रुततं. आम्ही परतीच्या पावसानंतरचा वाफसा धरला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, अशी वेळ.

उपसणं संपलं आणि मग बुडख्यांचा डोंगर समोर उभा राहिला. बुडखे एकमेकांत बसत नाहीत. ट्रॉली भरलेली दिसते, पण आत नुसती पोकळी. "पेटवून द्या," असं सगळ्यांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. ओला, मातीने भरलेला बुडखा धड जळतही नाही, दिवसचे दिवस धुमसतो, आणि शेजारी वाळलेल्या गवताचा माळ. एक कोळसेवाला आला होता. तो कोकणातून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन कुटुंबंच्या कुटुंबं राबायला आणतो आणि त्या फेडीत अडकवतो, हे ठाऊक होतं. त्याला नको म्हटलं.

शेवटी ढीग उन्हाळाभर उलटा पडू दिला. मुळं वर, बूड खाली. माती वाळून सुटली, जेसीबीने दोन-तीनदा आपटून घेतल्यावर वजन निम्म्यावर आल्यासारखं वाटलं. आपली वरच्या थरातली माती शेतातच राहिली, हा फायदा कुणी सांगत नाही. मध्यम आकाराचे बुडखे पाचर आणि घणाने फोडून वीटभट्टीवाल्याला दिले. पैसे मागितले नाहीत. भरणं आणि वाहतूक त्याच्या गळ्यात घातली, आणि त्याने आनंदाने घेतली. सगळ्यात अवजड बुडखे वरच्या ओघळीत दगडांबरोबर आडवे रचले. कुजतील तेव्हा कुजतील, तोवर गाळ अडेल.

खड्डे एकदम बुजवू नयेत. थराथराने माती टाकून बकेटने दाबली, तरी पहिल्या पावसात ठिकठिकाणी बसली. नंतर पुन्हा भर घालून सपाट केलं. पॅकहाऊसची, म्हणजे फळं निवडून भरायची, शेड जिथे येणार तिथे मात्र कुजणारं मूळ खाली राहू नये म्हणून हाताने वेचलं. बाकी शेतात तुटकी मुळं राहिली तरी चालतं, निलगिरी फुटते ती बुडख्यातून. फक्त पहिली नांगरट पलटी नांगराने सावकाश करा आणि रोटाव्हेटर एक हंगाम लांब ठेवा. मुळांवर आपटून त्याची पाती तुटतात, आणि ती महाग पडतात.