डाव्या पायाचा पैलवान

‘खेळायला हरकत नाही’ असं पत्र मी सोमवारी दिलं आणि गुरुवारी परत मागून घेतलं. बारा वर्षं फिजिओथेरपी करतेय, असं कधी केलं नव्हतं.

पोरगा खानापूर तालुक्यातला, मातीवरचा पैलवान. जत्रेच्या मैदानांच्या बिदागीवर घर चालतं. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) काढायला डावा पाय रोवला, अंग फिरलं, पाऊल मातीत तसंच राहिलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटली. आधी आठ दिवस हाडवैद्याकडून तेलाने चोळून घेतलं (त्यावर बोलायला बसले तर रात्र होईल), मग बेळगावात ऑपरेशन. मांडीमागचा स्नायूबंध काढून नवं लिगामेंट बसवलं.

टाके सुकले की गुडघा रोज पक्का होत जातो, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात बसवलेल्या त्या स्नायूबंधाचा रक्तपुरवठा आधी तुटतो, आणि दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो सगळ्यात कच्चा असतो. दुखणं नेमकं तेव्हाच थांबतं, आणि पोरं लपून बैठका मारायला लागतात. 2016 साली आलेल्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत एकेक महिना थांबलं की पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. म्हणून मी नऊ महिन्यांच्या आत ऐकून घेत नाही. पोरं विनेश फोगाटचं नाव काढतात: ऑगस्ट 2023 ला ऑपरेशन, ऑगस्ट 2024 ला पॅरिसच्या फायनलपर्यंत. खरं आहे. पण तिच्यामागे किती माणसं राबली असतील! आमच्या पोरामागे मी एकटी, आठवड्यातून दोनदा, तेही त्याला बस मिळाली तर.

दहाव्या महिन्यात चाचणी घेतली. एका पायावर लांब उडी: उजवा 158 सेंटिमीटर, डावा 148. म्हणजे 94 टक्के. नव्वदच्या वर गेलं की पास, असा आमचा नियम. पत्र दिलं. यात्रा कमिटीने दुसऱ्याच दिवशी कुस्ती नेमून त्याच्या फोटोसकट पत्रकं छापली. या बाबतीत कमिट्यांची चपळाई बघण्यासारखी असते.

गुरुवारी तालमीत गेले, कौतुकानेच खरं तर. तो एका पोराशी खडाखडी करत होता. मला सगळं छान दिसलं. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “मॅडम, ह्यो डाव्या पायाचा पैलवान. आता उजवा पुढं घालूलालाय. तुम्ही काय मोजलासा?”

मग मलाही दिसायला लागलं. डावा पाय सतत मागे. पट काढायची वेळ आली की हात जायचे, पाय जायचा नाही.

क्लिनिकवर येऊन फाइल काढली. ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाची उडी मोजून ठेवायची सवय मला आहे, आणि तिचा मला अभिमानही आहे. कागदावर माझ्याच अक्षरात होतं: उजवा, 182. दहा महिन्यांत चांगला पायही 24 सेंटिमीटरने उतरला होता, आणि त्या उतरलेल्या पायाशी तुलना करून मी डाव्याला पास केलं होतं. जुन्या आकड्याशी ताडलं तर डावा 81 टक्के.

फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. “मॅडम, पत्रकं वाटून झालीत,” एवढंच म्हणाला. कमिटीशी वस्ताद बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन महिने दोन्ही पायांवर काम केलं. डावा 171 वर आला, जुन्या 182 च्या 94 टक्के. या वेळी पत्र वस्तादांना दाखवून दिलं. पुढच्या मैदानात मी बायकांच्या बाजूला उभी होते. हलगी कडाडली, डावा पाय पुढे ठेवून तो उतरला. पहिली सलामी, पहिली पकड, आणि दुसऱ्या मिनिटाला उजवा पुढे. शेवटपर्यंत तसाच लढला. घिस्सा डावावर कुस्ती जिंकला, फेटा बांधला, लोकांनी खांद्यावर घेतलं.

ताकद होती, आकडे होते. मग पाय का बदलला? गुडघ्यात अजून काही आहे की डोक्यात, हे मला अजून कळलेलं नाही. वस्तादांना विचारलं. ते फेट्याकडे बघत म्हणाले, “आता उजव्या पायाचा झाला म्हणायचं.”