आईची लोणच्याची बरणी आणि मक्यातली अळी

मागच्या पावसाळ्यात मका गुडघ्याएवढा झाला होता आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओला लाकडाचा भुसा भरल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं, पानांना ओळीत भोकं. शेजारचे काका म्हणाले खोडकिडा आहे, पण खोडकिड्याने गाभा मरतो, ओढला की हातात येतो, आमचा तर येईना. मग पोंगा उलगडून एक अळी बाहेर काढली, मोबाईलने फोटो काढून झूम केलं तर डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीच्या जरा आधी चार काळे ठिपके, अगदी चौकोनात मांडल्यासारखे. झालं, लष्करी अळी. मूळची अमेरिकेतली ही बया, २०१६ ला आफ्रिकेत आणि २०१८ ला कर्नाटकात सापडली, आणि त्याच वर्षी आपल्याकडेही पोचली.

पण मला बघायचं होतं की हिचा पतंग कसा दिसतो. आईची रिकामी लोणच्याची बरणी घेतली (नंतर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही), तळाला ओलसर माती, वर मक्याचं पान, आणि दोन अळ्या सोडल्या. सकाळी एकच! दुसरीची फक्त डोक्याची टोपी उरलेली. या एकमेकींना खातात हे वाचलेलं होतं, तरी सकाळी सकाळी बघून कसंतरीच झालं. म्हणूनच मोठ्या झाल्यावर एका पोंग्यात बहुतेक एकच सापडते.

उरलेलीने आठवडाभर पानं फस्त केली, मग एक दिवस खाणं बंद आणि मातीत गायब. हलकेच माती बाजूला केली तर तांबूस तपकिरी कोष, बोट लावलं की शेपूट वळवायचा. नवव्या दिवशी रात्री बरणीत फडफड. करड्या रंगाचा पतंग, पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट त्रिकोणी डाग, म्हणजे नर. मादीचे पंख मळकट, सरसकट एकाच रंगाचे.

आणि तिथेच मी कपाळावर हात मारला, कारण हाच पतंग मी पंधरा दिवस ओट्यावरच्या बल्बभोवती रोज बघत होतो आणि एकदाही लक्ष दिलं नव्हतं! मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, वर अंगावरचे करडे केस चिकटवते, दोन-तीन दिवसांत ती फुटतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात महिनाभरात पुढची पिढी तयार. निंबोळी अर्क मारायचा तो अळी बारीक असताना, एकदा ती पोंग्यात स्वतःच्याच विष्ठेखाली जाऊन बसली की फवारा पोचतच नाही.

त्याच रात्री टॉर्च घेऊन ओट्यावर गेलो, भिंतीवर तीन बसलेले. सकाळी वडिलांना घेऊन कडेच्या ओळीतली पानं उलटी करून बघितली, आठव्या-नवव्या झाडाला बुरशी आल्यासारखा करडा कापूस दिसला. वडील म्हणाले, "अरे हे तर मी परवाच बघितलं, म्हटलं धूळ असेल."