दोन कप चहाची तपासणी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी गेले की कागदावरची चाचणी मी नंतर घेते, आधी चहा करायला सांगते. दोन कप चहात दहा-बारा पायऱ्या असतात आणि नेमकी कुठली निसटते ते ओट्यापाशीच कळतं.

पुण्यातल्या त्या घरी काकू ७४ वर्षांच्या. "आईंना आता काही जमत नाही, गॅसपाशी येऊच देत नाही," सून म्हणाली. काकूंनी पातेल्यात कपाने मोजून पाणी घातलं, आलं किसलं. हात अगदी सराईत. मग गॅसचं बटण फिरवलं, लायटर घ्यायला वळल्या, वाटेत कोथिंबिरीची जुडी दिसली आणि ती निवडत बसल्या. गॅस तसाच फुसफुसत होता. तो मी लगेच बंद केला, खिडकी उघडली. दुसऱ्या खेपेला साखर दोनदा पडली.

एकेक कृती काकूंना येते. वर्षानुवर्षांची हाताची सवय अल्झायमरमध्ये बरीच टिकते. तुटतो तो मधला दुवा: आत्ता काय झालं, पुढे काय करायचं. म्हणून स्वयंपाक, पैसे, औषधं आधी बिघडतात. अंघोळ, जेवण बरंच नंतर.

आम्ही ओटा रिकामा केला. कोथिंबीर फ्रिजमध्ये गेली. मीठ-साखरेचे स्टीलचे डबे एकसारखे, शेजारी शेजारी. साखर काचेच्या बरणीत काढली, मीठ दुसऱ्या फडताळात. दोन कपांची साखर एका वाटीत, चहा पावडर दुसरीत. वाटी रिकामी दिसली की समजायचं, घालून झालंय. हे लक्षात ठेवावं लागत नाही, दिसतं.

सुनेला सांगितलं, काकू अडल्या की मनात दहा आकडे मोजा. मग "आता काय बरं?" विचारा. मग बोट दाखवा. तरी नाहीच, तर पायरी सांगा. हातातून पातेलं काढून घेणं अगदी शेवटी. घाईत घरचे तिथूनच सुरुवात करतात, आणि उरलेली सवयही जाते. काकू एकट्या असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंदच हवा.

तिसऱ्या खेपेला काकूंनी रिकाम्या वाटीत डोकावून पाहिलं, ती बाजूला सारली आणि दूध ओतलं. फक्त गाळणं बोटाने दाखवावं लागलं.

"मग भाजीही करू देऊ?" सुनेने विचारलं. चिरू द्या, निवडू द्या. फोडणी मात्र तुम्ही घाला. तापलेलं तेल दहा आकडे थांबत नाही.