मुंगसाचं अनेकवचन

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि सगळ्यांत आधी आठवल्या त्या इंग्रजीच्या बाई. शाळेबद्दल लिहायला पुष्कळ आहे, पण मी बाईंबद्दलच लिहिणार.

आठवीच्या चाचणीत अनेकवचनं विचारली होती. 'गूज'चं 'गीज', मग 'मंगूज'चं 'मंगीज'च असणार, म्हणून मी बिनधास्त लिहिलं. पेपर वाटताना कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "नियम त्यानं बरोबर लावलाय. शब्द आपल्या घरचा आहे, तेवढं त्याला कळलं नाही," म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलं: मुंगूस.

विहिरीमागच्या गडग्यातलं मुंगूस आम्ही रोज बघायचो. 'मुंगसा मुंगसा, तोंड दाखव' म्हणत मागे धावायचो. त्याचंच मराठी नाव १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेलं, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. 'गूज' हा पक्षी, शब्द इंग्रजांचा फार जुना. 'फूट'चं 'फीट', 'टूथ'चं 'टीथ', तसं त्याचं 'गीज'. आपल्या मुंगसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शेवटचा 'गूस' त्यांच्या कानांना ओळखीचा वाटला आणि स्पेलिंग पक्ष्याचं चिकटलं, एवढंच. म्हणून 'मंगूजेस'. खाली बाईंनी कानडी 'मुंगुसी' आणि तेलुगू 'मुंगिस'सुद्धा लिहिलं. इंग्रजीच्या तासाला चार भाषा! असं शिकवणारं मला पुढे कॉलेजातही कुणी भेटलं नाही.

आज मी जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. मध्यंतरी जमैकात किंग्स्टनला बोट लागली होती. रस्त्यावरून एक मुंगूस सर्रकन आडवं गेलं. उसातल्या उंदरांसाठी १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसं तिथे नेली, ती पुढे बेसुमार वाढून पक्ष्यांच्या मुळावर आली. टॅक्सीवाला 'मंगूज' म्हणाला आणि मी त्याला बाईंचा अख्खा तास ऐकवला.

बाईंना हे सांगायचं राहिलं. सुट्टीवर आलो तेव्हा त्या गेल्या होत्या. गडगाही आता नाही. सिमेंटच्या कुंपणाला मुंगूस शिरेल एवढी फट नाही. तो पेपर मात्र आईनं ट्रंकेत जपलाय. 'मंगीज'वर लाल काट, शेजारी 'मंगूजेस', आणि नियमासाठी दिलेला अर्धा गुण. समारंभाला येताना घेऊन येतो.