शून्य क्रमांकाची डिस्क

रात्रीच्या मेंटेनन्समध्ये सर्व्हरला नवी, मोठी एनव्हीएमई डिस्क, म्हणजे वेगवान एसएसडी, लावली. डेटा रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये होता. ताजा डेटा जुन्या एनव्हीएमईवर आणि खालच्या लेव्हलचा, म्हणजे जुना, हार्ड डिस्कवर, अशी दोन पाथची (फोल्डरच्या पत्त्यांची) यादी सेटिंगमध्ये होती. मी नवी डिस्क यादीत सगळ्यात वर लिहिली. वेगवान डिस्क आधी लिहायची असते, त्यामुळे मनात शंकाही आली नाही.

सर्व्हिस सुरू केली, तर डेटाबेस उघडेना. लॉगमध्ये 'करप्शन' (डेटा बिघडल्याची खूण) आणि पुढे न सापडलेल्या एसएसटी फायलीचा, म्हणजे डेटा ठेवणाऱ्या फायलीचा, नंबर. पोटात गोळा आला. तो नंबर घेऊन जुन्या डिस्कवर गेलो. फाइल जागच्या जागी, साइजही बरोबर.

सहकारी म्हणाला, "रिपेअर चालवून बघू का?" मी त्याला थांबवलं. रिपेअर मॅनिफेस्ट, म्हणजे डेटाबेसच्या फायलींची नोंदवही, नव्याने बांधतं, आणि त्यात थोडाफार डेटा जाऊ शकतो. फायली धडधाकट दिसत असताना तो धोका मला पत्करायचा नव्हता. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या नोंदी होत्या त्या.

मग सोर्स कोड उघडला. मॅनिफेस्टमध्ये फायलीचा पूर्ण पत्ता नसतोच. असतो तिचा नंबर आणि पाथचा यादीतला क्रमांक, मोजणी शून्यापासून. मेमरीत हे दोन्ही ६४ बिटांच्या एकाच आकड्यात बसवलेत, ६२ बिट फायलीच्या नंबराला आणि वरचे २ पाथला. चारपेक्षा जास्त पाथ का देता येत नाहीत, तेही तिथेच उमगलं. मी नवी डिस्क वर घातली आणि शून्य क्रमांक त्या रिकाम्या डिस्कचा झाला. जुनी एनव्हीएमई १ वर, हार्ड डिस्क २ वर सरकली. प्रत्येक फाइल एक घर आधी शोधली जात होती.

यादी पूर्ववत केली आणि डेटाबेस उघडला. तरी हात थरथरत होते.

नवी डिस्क शेवटी जोडता आली असती, पण शेवटच्या पाथवर सर्वात जुना डेटा जातो, म्हणजे वेगवान डिस्क वाया. म्हणून डेटाबेस नीट बंद करून शून्य क्रमांकाच्या सगळ्या फायली नव्या डिस्कवर कॉपी केल्या, एकेकीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहिला आणि यादीत फक्त पहिली ओळ बदलली. हार्ड डिस्क १ वरच राहिली. पहाटे पहिली 'की' (नोंदीची खूण) वाचली, तिची व्हॅल्यू आली, तेव्हा कुठे आम्ही दोघं खुर्चीत टेकलो.